आपल्या मातीतला मुळा

गावी असताना माझी आई दुसऱ्याच्या मळ्यात मुळे उपटायला जायची. दिवसभर राबल्यावर मजुरीबरोबर एखादी जुडी मिळाली तर मिळाली. भूमिहीनांच्या हक्काच्या जमिनीसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह केले. तरीही आपल्यातल्या कित्येकांच्या नावावर आज गुंठाभर जमीन नाही. पण दारात, गॅलरीत एक टब माती तर ठेवता येते!

मुळा, गाजर, बीट यांची पेरणी १४ ऑक्टोबरच्या, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवड्यात करावी. पाऊस ओसरलेला असतो, पुढे थंडी मिळते. फूटभर खोल टब किंवा गोणी घेऊन तळाला भोके पाडा. अर्धी माती, पाव भाग वाळू, पाव भाग चांगले कुजलेले शेणखत. खडे, ढेकळे वेचून काढा. निदान पाच-सहा तास ऊन हवे.

रोपे करून लावू नका. पहिल्या वर्षी मी गाजराची रोपे मिरचीसारखी उपटून दुसरीकडे लावली. निघाली ती दोन पायांची, वाकडी गाजरे! मुख्य मूळ दुखावले की असेच होते. कच्च्या शेणखतानेही फाटे फुटतात. म्हणून बी जागेवरच, अर्धा इंच खोल पेरा. गाजराचे बी बारीक. त्यात कोरडी वाळू मिसळा. ते उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात, तोवर माती वाळू देऊ नका. बीटचे बी रात्रभर भिजवा. एकेका बीमधून दोन-तीन रोपे येतात.

मग विरळणी. इथे आईचा हात अडखळला. "जितं रोप कशाला उपटायचं?" पण गर्दीत एकही कंद भरत नाही. मुळा आणि बीट चार बोटांवर, गाजर तीन बोटांवर ठेवा. उपटलेला मुळ्याचा पाला भाजीला होतो.

मुळा दीड महिन्यात, ६ डिसेंबरच्या आत तयार होतो. बीट २५ डिसेंबरच्या सुमारास, गाजर २६ जानेवारीला. मुळा वेळेवर काढा, नाहीतर आतून पोकळ होतो. एखादा राखलात तर डिंगऱ्यांची भाजी मिळेल.

आमचा पहिला मुळा आईनेच उपटला, धुतला आणि पाल्यासकट शेजारी नेऊन दिला. म्हणाली, "जन्मभर मुळं उपटली, वाटायला आज मिळाली."

जयभीम!