ब्लॉकचेन आली, आता ऑडिट कशाला?

नाशिकमध्ये कॉमर्सच्या मुलांचे पालक भेटले की हल्ली एकच ऐकू येतं: "ब्लॉकचेनमुळे ऑडिट बंद होणार म्हणे, मग पोराला सीए कशाला करायचं?" व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेलं असतं. तेच ते सांगून वैताग आला.

ब्लॉकचेनवर प्रत्येक नोंद आधीच्या नोंदींशी गुंफलेली असते आणि तिच्या प्रती अनेकांकडे असतात. त्यामुळे एकट्याला गुपचूप खाडाखोड करता येत नाही. पण मुळात लिहिलेलं खरं होतं का, हे ब्लॉकचेनला कळत नाही! पिंपळगावच्या कांदाचाळीत १०० क्विंटल कांदा असताना कुणी १५० लिहिला, तर ती १५० जिवापाड जपेल. चाळीत जाऊन माल बघायचा तो ऑडिटरनेच.

ब्लॉकचेनवर चालणाऱ्या बिटकॉइनचा पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ चा. चारच दिवसांनी सत्यम या आयटी कंपनीच्या रामलिंग राजूंनी कबुली दिली, की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. तिथे नंतर खाडाखोड झाली नव्हती, आकडेच खोटे लिहिले होते. बँकेकडून थेट खातरजमा करण्यात ऑडिटर कमी पडले, हेही खरं. बँकही त्याच साखळीत असती तर सापडलं असतं, असं कुणी म्हणेल. शिल्लक सापडली असती, मान्य. पण गोदामातला माल कितीला विकला जाईल, उधारी वसूल होईल की बुडेल, हे कोणती साखळी सांगणार?

गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवायला सुरुवात झाली. त्यामुळे बनावट दाखला पकडणं सोपं होतं. मूळ कागदपत्रं मात्र अधिकाऱ्यालाच तपासावी लागतात.

आता बाकीचे गैरसमज. 'ई-इन्व्हॉइस म्हणजे ब्लॉकचेन': नाही. त्यातला आयआरएन, म्हणजे बिलाचा क्रमांक, हा ब्लॉकचेनमधल्यासारखा ६४ अक्षरी हॅश असतो खरा, पण यंत्रणा केंद्रीय आहे. 'ब्लॉकचेनवरचं कधीच बदलत नाही': २०१६ मध्ये 'डीएओ' या निधीतल्या चोरीनंतर इथेरियम या ब्लॉकचेनवाल्यांनी बहुमताने ती उलटवली. 'सगळे तिकडेच चाललेत': ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने आपला ब्लॉकचेन प्रकल्प २०२२ मध्ये गुंडाळला.

नोंदी जुळवत बसण्याचं काम कमी होईल, यात शंका नाही. पण आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे, त्यासाठी ब्लॉकचेन लागत नाही. तो वर्षभर चालू होता का, हे अहवालात लिहिण्याची जबाबदारी कायद्याने ऑडिटरवरच टाकली आहे.