जुन्या सदनिकेचे नूतनीकरण : पर्यावरण आणि अर्थकारण

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३१ टक्के, म्हणजे ३७ कोटी ७० लाख लोक शहरांत राहत होते. त्यांतील मोठा वर्ग लहान घरांत राहतो. लहान घर म्हणजे किती, याचे एक मोजमाप २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) सापडते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी ३० चौरस मीटरपर्यंत आणि अल्प उत्पन्न गटासाठी ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र, असे तेथे धरले होते. अशी सदनिका जुनी झाली की कुटुंब साठवलेले पैसे किंवा कर्ज घेऊन तिचे नूतनीकरण करते. फरशी, स्वयंपाकाचा ओटा, खिडक्या, रंग व वीजजोडणी या सर्वांचे निर्णय महिना-दोन महिन्यांत होतात. त्यांचे परिणाम मात्र वीजबिलात, पाणीपट्टीत आणि उन्हाळ्यातील झोपेत पुढील कितीतरी वर्षे उमटत राहतात.

या निर्णयांकडे धोरणाचे लक्ष कमी आहे. बाजाराचे लक्ष मात्र पुरेपूर आहे. ‘हरित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंची यादी लांब असते. काय पाडू नये आणि काय बदलू नये हे सांगण्यात कोणाचाच नफा नसल्याने तो सल्ला ग्राहकापर्यंत सहसा पोहोचत नाही.

कायद्याचा उंबरठा

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला व त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. २००७ ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता व्यापारी इमारतींसाठी होती. निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ डिसेंबर २०१८ मध्ये आली. ती ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाचा विचार करते आणि राज्याने स्वीकारल्यावरच बंधनकारक ठरते. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारती कायद्याच्या कक्षेत आणल्या. तेथेही १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी ही मर्यादा आहे.

राडारोड्याबाबतही हेच दिसते. बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये व्यवस्थापन आराखडा सादर करण्याची सक्ती दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पात ३०० टन कचरा निर्माण करणाऱ्यांवर होती. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या व १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या नव्या नियमांत उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीसाठी २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्राची मर्यादा आहे. थोडक्यात, कायद्याची सक्ती जुन्या छोट्या सदनिकेच्या उंबरठ्याबाहेरच थांबते. प्रशासकीय दृष्टीने ते समजण्यासारखे आहे, कारण लाखो घरांची तपासणी कोण करणार? तथापि या संहितांमागील शास्त्र सर्वांसाठी खुले आहे आणि सदनिकाधारकाला त्याचा फुकट उपयोग करता येतो.

खिडकीचे गणित

भारतातील इमारतींसाठी पाच हवामान विभाग मानले जातात : उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण व शीत. अहमदाबाद पहिल्यात, मुंबई व चेन्नई दुसऱ्यात, दिल्ली तिसऱ्यात तर बंगळुरू चौथ्यात मोडते. एका शहराचा उपाय दुसऱ्या शहरात उचलून लावता येत नाही. वाळ्याचे पडदे आणि कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने गारवा देतात. दिल्लीत मे महिन्यात ते उत्तम काम करतात, पण जुलैची दमट हवा सुरू झाली की निरुपयोगी ठरतात. मुंबईत बारा महिने वाहता वारा हाच खरा उपाय होय.

म्हणूनच इको निवास संहिता उघडू शकणाऱ्या खिडक्या-दारांच्या क्षेत्राचे चटई क्षेत्राशी किमान प्रमाण हवामानानुसार ठरवते. उष्ण-दमट विभागासाठी ते १६.६६ टक्के, संमिश्र व समशीतोष्ण विभागांसाठी १२.५० टक्के, उष्ण-कोरड्यासाठी १० टक्के आणि शीत विभागासाठी ८.३३ टक्के आहे. मोजणी संपूर्ण घराची होते. समजण्यासाठी मात्र एक खोली घेऊ.

मुंबईतील १० चौरस मीटरच्या खोलीला सुमारे १.६७ चौरस मीटर उघडे क्षेत्र हवे. तिला दीड मीटर रुंद व १.२ मीटर उंच, म्हणजे १.८ चौरस मीटरची खिडकी आहे असे समजा. बिजागरीवर उघडणाऱ्या झडपा असतील तर संहिता त्यातील ९० टक्के क्षेत्र उघडे धरते, म्हणजे १.६२ चौरस मीटर. निकष जवळजवळ पुरा होतो. नूतनीकरणात हीच खिडकी काढून दोन तावदानांची सरकती ॲल्युमिनियमची खिडकी बसवली, तर एका वेळी निम्मीच उघडते आणि ०.९ चौरस मीटर उरते. घरमालकाने पैसे मोजून वारा निम्मा केला, आणि मग उकाड्यावर उपाय म्हणून वातानुकूलन यंत्र घेतले! सरकत्या खिडकीचे काही फायदे आहेत. झडप उघडायला जागा लागत नाही आणि बाहेर जाळी असली तरी अडचण होत नाही. सरकतीच हवी असेल तर तीन तावदानांची घ्यावी. तिचे सुमारे दोनतृतीयांश क्षेत्र उघडते.

दुसरा नेहमीचा बदल म्हणजे गॅलरी बंद करून खोली वाढवणे. शहरातील जागेचे भाव पाहता या मोहाला नावे ठेवणे सोपे नाही. परंतु गॅलरीचा छत मागील भिंतीवर सावली धरून असतो. गॅलरीला काच लागली की ऊन थेट घराच्या आवरणावर येते, आणि पश्चिमेकडील गॅलरीच्या बाबतीत तर दुपारनंतर ती खोली भट्टीसारखी तापते. येथे एक साधे तत्त्व लक्षात घ्यावे. ऊन काचेतून आत आल्यावर आतला पडदा त्याला अडवत नाही, कारण उष्णता तोवर घरात शिरलेली असते. बाहेरच्या बाजूने लावलेला बांबूचा चिक, छज्जा किंवा वेलीची जाळी तिला बाहेरच रोखते. चिकाची किंमत काचेवरील विशेष लेपापेक्षा पुष्कळ कमी असते. त्याची जाहिरात मात्र कोणी करत नाही.

न पाडलेल्या भिंतीचे मूल्य

सिमेंटनिर्मितीत चुनखडी तापवताना तिच्यातील कार्बन डायऑक्साइड रासायनिक क्रियेनेच बाहेर पडतो. इंधन स्वच्छ वापरले तरी तो भाग टळत नाही. सिमेंट, वीट, पोलाद, भाजलेली टाइल या प्रत्येक वस्तूत उत्पादनाच्या वेळी खर्च झालेली ऊर्जा दडलेली असते. तिला अंतर्भूत ऊर्जा म्हणतात. सुस्थितीतील फरशी उखडली की ती ऊर्जा राडारोड्यात जाते आणि नव्या फरशीसाठी पुन्हा तेवढी खर्च होते. जुन्या मोझॅक फरशीला पॉलिश करता येते. कोटा, शहाबाद व कडप्पा दगडही घासून पुन्हा वापरता येतात. जुन्या सागवानी चौकटी बहुधा नव्या प्लायवूडपेक्षा अधिक टिकतात. नवे प्लायवूड घ्यावेच लागले तर कमी फॉर्माल्डिहाइड सोडणारे घ्यावे, कारण लहान खोलीत कोंडलेल्या हवेत तो वायू साचतो.

रंगाच्या बाबतीत कायदा मात्र छोट्या घरापर्यंत पोहोचला आहे, कारण तो घराऐवजी वस्तूवर लागू होतो. घरगुती व सजावटी रंगांतील शिशाचे प्रमाण २०१६ च्या नियमांनी दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले. पण जुन्या भिंतीवरील आधीचे थर तसेच असतात. ते कोरडे घासल्यास शिसेयुक्त धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ती अपायकारक असते. म्हणून पृष्ठभाग ओला करूनच घासावा व त्या काळात मुलांना घराबाहेर ठेवावे.

खर्च कोणाचा, लाभ कोणाचा

उपकरणांत हिशेब सर्वांत स्पष्ट असतो. जुना छतपंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर ब्रशविरहित मोटरचा पंखा सुमारे ३० वॅट. रोज १५ तास व वर्षाला ३०० दिवस वापर धरल्यास एका पंख्यामागे सुमारे २०० युनिट वाचतात. युनिटला ७ रुपये धरले तर ही बचत सुमारे १,४०० रुपये होते, आणि किमतीतील १,५०० रुपयांचा फरक साधारण वर्षभरात भरून निघतो. इतक्या जलद परतफेडीची दुसरी गुंतवणूक सामान्य कुटुंबाला क्वचितच मिळेल. तरीही दुकानात स्वस्त पंखाच उचलला जातो. आजचा खर्च डोळ्यांसमोर असतो आणि उद्याची बचत धूसर, हे अर्थशास्त्रातील जुने कोडे आहे. छतपंख्यांवर तारांकन २०२३ पासून सक्तीचे झाले, ते ही माहितीची दरी बुजवण्यासाठी. किंमत उतरली की कोडे आपोआप सुटते, हे एलईडी दिव्यांनी दाखवले. सरकारी घाऊक खरेदीत २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपयांना मिळणारा दिवा २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले.

पाण्याचेही तसेच. दहा लिटरची जुनी शौचटाकी दिवसाला वीस वेळा वापरणारे चौघांचे कुटुंब २०० लिटर पाणी सोडते. तीन व सहा लिटरच्या दुहेरी टाकीत, चार वेळा मोठा व सोळा वेळा छोटा वापर धरल्यास, ७२ लिटर पुरतात. शहरी पुरवठ्याचा मानक दरडोई १३५ लिटरचा आहे. म्हणजे ही बचत जवळपास एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्याइतकी होते.

अवघड गाठ वेगळीच आहे. २०११ च्या जनगणनेत शहरी कुटुंबांपैकी २७.५ टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती. खिडकी बदलण्याचा खर्च मालकाचा आणि विजेची बचत भाडेकरूची, अशा स्थितीत मालक खर्च का करील? अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू तरी पंख्याखेरीज कशात पैसे घालील? गच्चीचा प्रश्नही याच जातीचा आहे. छताला पांढरा परावर्तक लेप किंवा फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक केल्यास वरच्या मजल्यावरील घरे थंड राहतात. पण गच्ची सामाईक असल्याने खर्च साऱ्या सोसायटीचा आणि दिलासा एका मजल्याचा. सभेत ठराव अडतो तो येथेच. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छत धोरण जाहीर करून हा विषय घरमालकाच्या मर्जीबाहेर काढण्यास प्रारंभ केला. २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापराच्या सौर संचासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपयांचे साहाय्य ठेवले गेले. त्यातून जिन्यातील दिवे व पाण्याचा पंप यांचे बिल सर्वांचेच उतरते. लाभ समान वाटला जात असल्याने तो ठराव संमत होणे सोपे असते, आणि गच्चीच्या उरलेल्या भागावर लेप देण्याचा खर्च त्याच ठरावात धरता येतो.