धूळपाटी आणि वाळूची अक्षरे

सायखेड्यासारख्या गोदातीरावरील गावी लहानशी ख्रिस्ती शाळा चालवू पाहणाऱ्यास प्रथम एक प्रश्न पडतो: मुलांकडून स्तोत्रे व पाढे पाठ करून घ्यावे, की मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीने त्यांच्या हाती साधने द्यावी?

वस्तुतः हा विरोध वरवरचा आहे. जुन्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवी व तोंडाने त्याचा घोष करी. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह उघडणाऱ्या मॉन्टेसरीबाईंची खरखरीत कागदाची अक्षरेही बोटानेच गिरवावयाची. भेद इतकाच की, धुळीतील चूक पंतोजी दाखवीत, पुष्कळदा छडीने. येथे बोट गुळगुळीत भागावर घसरताच चूक मुलास आपोआप उमगते.

साधने महाग पडतात, हा आक्षेप खरा. परंतु ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा परिसरातील वस्तूंचीच साधने केली. गोदेची वाळू चाळून डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटविली, की आपलेही अक्षर सिद्ध झाले.

पाठांतर मात्र टाकू नये. स्तोत्र किंवा रेव्हरंड टिळकांचे भजन मुखोद्गत झाल्याने भाषेचा ताल कानात बसतो. बालपणी संस्कृत ग्रंथ पाठ केलेल्या पंडिता रमाबाईंनीच पुढे अमेरिकेत फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. एकीने दुसरीस अडविले नाही. म्हणून सकाळी घोष व्हावा, नंतर हातांस काम मिळावे, आणि छडी तेवढी शाळेबाहेर राहावी.