मटारचे दाणे आणि भांडवल

जबलपूर शहरात बड्या फुहाऱ्याजवळ कमानिया गेट नावाचे प्रवेशद्वार उभे आहे. 1939 साली जवळच त्रिपुरी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्मरणार्थ ते बांधण्यात आले. या परिसरातील खव्याची जिलबी प्रसिद्ध आहे. म्हशीच्या दुधात पाचांपैकी चार भागांहून अधिक पाणी असते. ते आटवून हलवाई पाच लिटर दुधाचा सुमारे एक किलो खवा करतो. तापविल्याशिवाय ठेवलेले दूध उन्हाळ्यात काही तासांतच नासते. खवा मात्र काही दिवस टिकतो. नाशवंत मालाला टिकाऊपणा द्यावयाचा आणि त्या टिकाऊपणाचे मोल मिळवावयाचे, हेच अन्नप्रक्रिया उद्योगाचे मूळ तत्त्व होय. हलवायाला त्यासाठी कढई व चूल एवढे भांडवल पुरते. याच जिल्ह्यातील मटारला मात्र ते पुरत नाही.

पाटण, शहापुरा व सिहोरा या भागांत हिवाळ्यात हिरव्या मटारचे पीक मोठ्या प्रमाणावर निघते. जबलपूर येथे 1964 साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने ‘जवाहर मटार’ या नावाने अनेक वाण तयार केले आहेत. हंगामाच्या आरंभी भाव बरा मिळतो. पुढे सर्वांचाच माल एकदम बाजारात आला की भाव कोसळतो, आणि शेतकऱ्याला थांबता येत नाही. त्याला थांबता का येत नाही, हे समजण्यासाठी शेंगेच्या आत पाहिले पाहिजे.

तोडलेली शेंग मृत नसते. ती श्वसन करीत राहते, स्वतःची साखर खर्च करते आणि उरलेल्या साखरेचे पिष्टात रूपांतर करू लागते. सकाळी गोड लागलेला दाणा दुसऱ्या दिवशी पिठूळ लागतो, तो यामुळेच. हे बदल एंझाइम नावाची द्रव्ये घडवून आणतात. थंडीने त्यांचे कार्य मंदावते, पण पूर्णपणे थांबत नाही. म्हणून कारखान्यात सोललेले दाणे प्रथम एक-दोन मिनिटे उकळत्याजवळच्या तापमानाच्या पाण्यात किंवा वाफेत धरतात व लगेच गार करतात. ही पायरी चुकली, तर गोठविलेल्या मटारलाही काही महिन्यांत गवतासारखा वास येतो.

त्यानंतर दाणे अतिशीत हवेच्या झोतात सुटे सुटे गोठवितात. गोठण्यास वेळ लागला तर पाण्याचे मोठे स्फटिक बनून पेशी फाटतात आणि शिजविताना दाणा लिबलिबीत होतो. झटपट गोठविल्यास स्फटिक बारीक राहतात. अमेरिकेतील क्लॅरेन्स बर्ड्सआय यांना लॅब्रॅडॉरच्या बर्फाळ वाऱ्यात क्षणात गोठलेले मासे पाहून हे उमगले. 1930 साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे गोठविलेले अन्न दुकानांत विक्रीस आले, त्यात मटारही होता. असा माल उणे 18 अंश सेल्सिअसला अखंड ठेवावा लागतो. जबलपूरच्या उन्हाळ्यात त्या अखंडतेसाठी विजेचे केवढे देयक येईल, याचा हिशेब यंत्रे घेण्यापूर्वीच करावा.

भांडवल घालणाऱ्याची दृष्टी बहुधा यंत्राच्या किमतीवर असते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याने प्रथम दिवस मोजावेत. समजा, एका लहान कारखान्याचे व्याज, घसारा व पगार यांचा वार्षिक स्थिर खर्च 18 लाख रुपये आहे. मटारच्या 90 दिवसांत रोज 2 टन दाणे गोठविले, तर एकूण 180 टन होतात आणि प्रत्येक किलोवर 10 रुपयांचा बोजा पडतो. तीच यंत्रे आणखी 90 दिवस मक्याच्या कोवळ्या दाण्यांसाठी किंवा अन्य भाज्यांसाठी तितकीच चालली, तर बोजा 5 रुपयांवर येतो. हलवायाची कढई बारा महिने चुलीवर असते. तिचे खरे बळ त्यात आहे.

दुसरा प्रश्न जागेचा. शेंगेच्या वजनात सुमारे निम्मा भाग टरफलांचा असतो. कारखाना शहरात असल्यास निम्मे भाडे टरफले वाहण्यातच जाते, शिवाय गोडी कमी होण्यास वेळही मिळतो. सोलणे व गार करणे गावाजवळच झाले, तर दोन्ही वाचतात. हिरवी टरफले गुरे आवडीने खातात, आणि जबलपूरच्या आसपास म्हशींचे गोठे पुष्कळ आहेत.

केंद्र शासनाने 2020 साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आखली. तिच्यात पात्र खर्चाच्या 35 टक्के, पण कमाल 10 लाख रुपये, इतके अनुदान ठेवले होते. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ या तत्त्वानुसार जबलपूरसाठी हिरवा मटार निवडला गेला. ज्यास एवढ्या रकमेतही गोठवणयंत्र परवडणार नाही, त्याने सिहोऱ्याकडील शिंगाड्याचा विचार करावा. तो उकडून, सोलून वाळविला व दळला की पीठ होते. उपवासाच्या दिवसांत त्याला हमखास मागणी असते, आणि कोरड्या डब्यात ठेवण्यासाठी त्यास विजेची गरज लागत नाही.