जपानांतील गुंडटोळ्या : पडद्यावरच्या आणि प्रत्यक्षांतल्या

जपानांतील संघटित गुंडांना ‘याकुझा’ असें म्हणतात. या शब्दाचा उगम पत्त्यांच्या एका जुन्या खेळांत आहे. त्या खेळांत हातांतील पानांची बेरीज करून केवळ एकमस्थानचा अंक जमेस धरतात. आठ, नऊ आणि तीन हीं पानें आलीं, तर बेरीज वीस होते व पदरीं शून्य पडतें. या तीन आंकड्यांचे उच्चार ‘या’, ‘कु’ आणि ‘झा’. याकुझा म्हणजे कवडीमोल हात. ज्यांस असें हीन नांव मिळालें, तेच लोक पुढें चित्रपटाचे नायक झाले. हें कसें घडलें, याचा आज थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

तोकुगावा राजवटीच्या काळांत (१६०३ ते १८६८) या टोळ्यांचीं मुळें सांपडतात. एक वर्ग रस्त्यांवर जुगाराचे अड्डे चालविणाऱ्यांचा, तर दुसरा जत्रांतून माल विकणाऱ्या फिरत्या दुकानदारांचा. टोळीची घडी कुटुंबासारखी असे. प्रमुख हा ‘ओयाबुन’, म्हणजे बापाच्या ठिकाणीं. अनुयायी हा ‘कोबुन’, म्हणजे मुलाच्या ठिकाणीं. तांदळाच्या मद्याचा पेला दोघांनीं प्राशन केला, कीं हें नातें जुळे. अनुयायाकडून आगळीक झाली, तर आपल्या करंगळीचें पेर कापून तो तें प्रमुखापुढें ठेवी. आपलेपणाची भाषा आणि भीतीचा धाक, हीं दोन्ही या व्यवस्थेंत एकत्र नांदत.

अंगभर गोंदण हीही याकुझांची खूण समजतात. पण ती केवळ त्यांची नव्हे. १८२७ च्या सुमारास कुनियोशी या चित्रकारानें एका चिनी कादंबरींतील बंडखोर वीरांचीं चित्रें काढलीं. त्या वीरांच्या अंगावरील गोंदणाचा आगीचे बंब चालविणाऱ्यांवर व मजुरांवर मोठाच प्रभाव पडला. १८७२ सालीं सरकारनें गोंदण्यास बंदी केली; ती १९४८ पर्यंत टिकली. अशा रीतीनें कारागिरांची एक कला गुन्हेगारांच्या पदरांत जाऊन पडली.

आतां चित्रपटाकडे वळूं. कुनिसादा चूजी हा एकोणिसाव्या शतकांतील जुगारी. त्याला अखेर देहदंड झाला. परंतु लोककथांनीं त्याला गरिबांचा कैवारी बनविलें. १९२७ सालीं इतो दाइसुके या दिग्दर्शकानें त्याच्या भ्रमंतीवर मूकपट काढला. १९४८ सालीं कुरोसावा यांनीं ‘मद्यपी देवदूत’ या अर्थाच्या नांवाचा चित्रपट काढला. त्यांतील तरुण गुंड क्षयानें पोखरलेला आहे. वस्तीच्या मध्यभागीं सांडपाण्याचें घाणेरडें डबकें आहे. ज्या टोळीसाठीं तो ऐट मिरवितो, तीच टोळी अखेर त्याला टाकून देते.

पुढें मात्र वारें फिरलें. १९६३ पासून तोएइ या कंपनीनें ‘निंक्यो’ म्हणजे औदार्याचें ब्रीद मिरविणाऱ्या याकुझांचे चित्रपट एकामागून एक काढले. ताकाकुरा केन यांचा नायक अल्पभाषी. दुष्ट प्रमुखाचे अन्याय तो सोसतो, सोसतो, आणि अखेर एकटा किंवा एखाद्या सोबत्यासह तरवार घेऊन शत्रूच्या घरीं चालून जातो. कर्तव्य आणि माया यांच्या कात्रींत सांपडलेला हा पुरुष लाखोंना आपलासा वाटला. खेडीं सोडून शहरांतील कारखान्यांत आलेल्या तरुणांस शब्दाला जागणाऱ्या माणसाचें आकर्षण वाटावें, यांत नवल नाहीं. नवल आहे तें निराळेंच. पोलिसांच्या गणनेनुसार याच १९६३ सालीं टोळ्यांची संख्या शिगेस पोंचली होती. सुमारे १,८४,००० माणसें त्यांत होतीं. पडद्यावर औदार्य चाललें असतां बाहेर खंडणी चालली होती.

१९७३ सालीं फुकासाकु किंजी यांनीं हा मुलामा खरवडून काढला. त्यांचा चित्रपट हिरोशिमा परिसरांतील खऱ्या टोळीयुद्धावर आधारलेला होता. अणुबाँबच्या ढगाच्या छायाचित्रानें तो सुरू होतो. त्यांतले प्रमुख भित्रे व स्वार्थी. ते पैशासाठीं शब्द फिरवितात आणि मरण मात्र पोरांच्या वांट्यास येतें.

याहून पुढचें पाऊल इतामी जूझो यांनीं १९९२ सालीं टाकलें. खंडणीखोरांनीं गांजलेल्या एका हॉटेलांतील नोकरांना एक स्त्री वकील त्यांच्याशीं कसें वागावें हें शिकविते, असें त्यांचें कथानक होतें. घाबरूं नका, कायद्याचा आधार घ्या, हा त्याचा बोध. प्रदर्शनानंतर आठवड्याच्या आंत गुंडांनीं इतामींना गांठून त्यांच्या चेहऱ्यावर सुऱ्यांनीं वार केले. तरवारीच्या पराक्रमाचे चित्रपट टोळ्यांनीं खपवून घेतले होते. एका वकिलाचें हसरें धैर्य त्यांना सोसलें नाहीं. त्याच वर्षीं टोळ्यांविरुद्धचा नवा कायदा अमलांत आला. २०११ पर्यंत सर्व प्रांतांत त्यांच्याशीं व्यवहार रोखणारे नियम झाले. २०२४ अखेर पोलिसांच्या गणनेंत सुमारे १८,८०० माणसेंच उरलीं.

माणसें घटलीं, पण प्रतिमा वाढली. २००५ सालीं सेगा कंपनीनें काढलेल्या एका खेळाचा नायक पाठीवर नाग-पशूसारखा ड्रॅगन गोंदविलेला याकुझाच आहे. ड्रॅगन आणि कोइ मासे जगभर कपड्यांवर झळकतात. जपानांत मात्र अनेक स्नानगृहांत गोंदलेल्या माणसास प्रवेश मिळत नाहीं. गोंदणें हा वैद्यकीय व्यवसाय नव्हे, हें ठरण्यास २०२० सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. म्हणजे टोळीच्या कीर्तीचा दंड निरपराध कारागिरानें भरला.

श्रोतेहो, गुंडाची कथा ऐकण्यांत कांहीं पाप नाहीं. परंतु ती ऐकतांना एक प्रश्न मनाशीं विचारावा : या कथेंत खंडणी देणारा दुकानदार कोठें आहे? तो दिसत नसेल, तर पडद्यावरचें औदार्य कोणाच्या खर्चानें चाललें आहे, हें ओळखण्यास वेळ लागणार नाहीं.