शिंपल्यावरून किनारा

दिवाळीच्या सुट्टीत भाची रायगडच्या किनाऱ्यावर जाऊन आली आणि येताना शंख-शिंपल्यांची गच्च भरलेली पिशवी घेऊन आली. दोन दिवस हरिहरेश्वरला, दोन दिवस दिवेआगरला, आणि सगळं एकाच पिशवीत. "मामा, यातले तिकडचे कोणते नि इकडचे कोणते, काहीच आठवत नाही," असं ती हिरमुसून म्हणाली. मी म्हटलं, आठवायची गरजच नाही. शंख स्वतः सांगतो तो कुठे राहत होता. इथे मराठवाड्यात, सिडकोतल्या आमच्या गच्चीवर वर्तमानपत्र अंथरलं, पिशवी ओतली आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर बसून आम्ही किनारे वेगळे करायला लागलो.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरचा काळा कातळ आपल्या ओळखीचा आहे. वेरूळची लेणी ज्यात खोदली, देवगिरीचा कडा ज्याचा आहे, तोच हा बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. फरक इतकाच की तिथे त्याच्यावर दिवसातून दोनदा भरती चढते. अशा कातळावर राहणाऱ्या प्राण्यापुढे दोन संकटं असतात. लाटेने उखडून टाकू नये, आणि ओहोटीत उन्हाने वाळवू नये. कातळावरच्या शंखांचे आकार बहुतांशी या दोन संकटांना दिलेली उत्तरं आहेत.

सर्वांत सोपं उत्तर लिम्पेटचं. वेटोळं नाही, मळसूत्र नाही. नुसती पसरट टोपी, वरच्या टोकापासून कडेपर्यंत किरणांसारख्या रेघा. आपल्या किनाऱ्यावर 'सेलाना रेडिएटा' ही जात सर्रास आढळते. टोपीखालचा मांसल पाय कातळाला असा चिकटतो की लाट वरून घसरून जाते. भाचीने एक टोपी बोटावर घालून पाहिली आणि विचारलं, "हा खातो काय?" कातळावरचं शेवाळ. जिभेवरच्या बारीक दातांच्या पट्टीने तो ते खरवडतो. त्या दातांत गोएथाइट नावाचं लोहखनिज असतं. 2015 मध्ये ब्रिटनच्या पोर्ट्समथ विद्यापीठातील संशोधकांनी लिम्पेटच्या दातांची ताकद मोजली, तेव्हा तोवर मोजलेल्या सगळ्या नैसर्गिक पदार्थांत ते वरचढ ठरले. कोळ्याचं रेशीमही मागे पडलं. इवलेसे दात, आणि दगड खरवडून झिजले की मागून नवी रांग तयार.

त्याच्या शेजारी ठेवला नेरिटा. सुपारीएवढा, गोल, जाड, टोक जवळजवळ नसलेला. पालथा केला की तोंड अर्धचंद्रासारखं दिसतं आणि सरळ कडेवर बहुधा दातासारखे उंचवटे. जिवंतपणी या तोंडाला चुन्याचं घट्ट झाकण असतं. ओहोटी लागली की नेरिटा थोडं पाणी आत कोंडून दार लावून घेतो आणि भरतीची वाट पाहत बसतो. अशाच झाकणाचा पण गोल तोंडाचा, आतून मोत्यासारखा चमकणारा शंख सापडला तर तो टर्बो. पुळणीवर कधी नुसतीच गोल, पांढरी, एका बाजूने सपाट चकती मिळते. तो खडा नव्हे. तेच हे टर्बोचं झाकण.

वेडावाकडा, खरखरीत, कुठल्याच शिंपल्याशी जोडी न जमणारा तुकडा हाती आला तर तो कालवाचा. कालव आपली खालची शिंप दगडाला कायमची चिकटवून घेतं, त्यामुळे बहुतेक वेळा हाती लागते ती वरची. दगडाचा उंचसखलपणा जसा असेल तसा त्याचा आकार होतो, म्हणून दोन कालवं एकसारखी दिसत नाहीत.

दिवेआगरच्या पुळणीवर सगळं उलट. तिथे चिकटायला काहीच नाही, लपायचं तर वाळूतच. म्हणून वाळूतल्या शिंपल्या गुळगुळीत, चपट्या, एका बाजूला पाचरीसारख्या निमुळत्या. डोनॅक्स ही त्यातली नेहमीची. लाट मागे सरकताच ती पायाने वाळू बाजूला सारून क्षणात आत शिरते. ऑलिव्ह हा गोलाकार नव्हे, लांबट शंख. तोंड म्हणजे सबंध लांबीची एक फट, आणि अंगावर इतकी झळाळी की भाचीला वाटलं कुणी पॉलिश केलंय. केलेलंच असतं, त्याच्याच मांसल पडद्याने. वाळूतून सरकताना तो पडदा शंखावर ओढलेला असतो, त्यामुळे ओरखडे उठत नाहीत. आणि अंबोनियम! सेंटिमीटरभराचं चपटं बटण, कुणी राखाडी, कुणी गुलाबी, कुणी पट्ट्यांचं, कुणी ठिपक्यांचं. आमच्या ढिगात तीसेक निघाले आणि त्यात दोन सारखे मिळाले नाहीत. मला विचाराल तर कोकणच्या पुळणीवरचा सर्वांत देखणा शंख हाच, आणि लहान म्हणून लोक त्याच्यावर पाय देऊन पुढे जातात.

दुहेरी शिंपल्यांची खरी ओळख मात्र आतल्या बाजूला असते. तिसरीची शिंपली घ्या, धुऊन वाळवा आणि उजेडात तिरकी धरा. दोन्ही टोकांना एकेक फिकट गोल डाग दिसेल. शिंपली मिटणारे स्नायू तिथे चिकटलेले होते. त्या दोन डागांना जोडणारी एक बारीक रेघ खालच्या कडेने धावते. काही शिंपल्यांत ही रेघ एका टोकाशी आत वळून खाचेसारखी होते. पाणी आत-बाहेर करणाऱ्या नळ्या आत ओढून घ्यायची ती जागा. खाच जितकी खोल, तितक्या नळ्या लांब, आणि तितका तो प्राणी वाळूत खोल राहणारा. पन्हाळीदार पत्र्यासारख्या जाड कण्यांच्या अनाडारामध्ये ही खाच नसतेच. तो वरच्या थरातल्या गाळात राहतो. तिथे प्राणवायू कमी, म्हणून त्याच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं आणि तो उघडला की लालभडक दिसतो.

कित्येक शिंपल्यांना जोडाजवळ एक गोल भोक होतं. भाचीने ओळीने लावून पाहिली, माळ करायला सोयीची म्हणून. ही भोकं चंद्रगोगलगाईने, म्हणजे नॅटिका कुळातल्या शंखाने पाडलेली. ती वाळूखालून येते, शिंपलीला पायात गुंडाळते, आम्लासारखा स्राव सोडून कवच मऊ करते आणि दातांच्या पट्टीने खरवडत आत पोहोचते. भोकाची वरची कड रुंद आणि आतली अरुंद असेल, स्क्रूचं डोकं बसवायला सुतार करतो तशी, तर हिचंच काम. कड सरळ उभी असेल तर काम म्युरेक्सच्या कुळातल्या काटेरी, खडबडीत शंखांपैकी कुणाचं तरी.

आपल्या भागातली माणसं समुद्रावर जातात ती गाडीच्या सोयीने, आणि नेमकी भरतीत पोहोचतात. भिंतीवरचं कॅलेंडर पाहून निघावं. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. षष्ठीला, शुद्ध असो वा वद्य, साडेचारच्या सुमारास भरती. म्हणजे साडेदहाच्या सुमारास ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत लांब हटतं, ते पहाटे-सकाळी आणि संध्याकाळी. कातळ पाहायचा तर त्या वेळा गाठाव्यात. आणि हरिहरेश्वरच्या त्या वाटेवर भरती चढायच्या आत परत फिरावं.

उचलण्याआधी शंख पालथा करून पाहावा, ही माझी हात जोडून विनंती. मी शाळेत असताना सहलीहून एक सुंदर शंख दप्तरात घालून आणला. घरी पोहोचेपर्यंत आतला खेकडा मेला होता. रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा तो खेकडा; त्याचं घर आणि जीव दोन्ही मी घेतलं होतं, आणि ती चुटपुट अजून गेलेली नाही. कोन जातीचा शंकूसारखा शंख जिवंत असेल तर मुळीच हात लावू नये, त्याचा विषारी दंश जीवघेणा ठरू शकतो. काही जाती तर, उदाहरणार्थ मोठे शिंगाळे कॅसिस, ट्रायटन आणि राक्षसी शिंपले, वन्यजीव संरक्षण कायद्याने 2001 पासून संरक्षित आहेत. दुकानात मांडलेले दिसले तरी घेऊ नयेत.

मराठवाड्याचं शंखाशी नातं सहलीपुरतं नाही. तेर, भोकरदन आणि शेजारच्या नेवासे इथल्या उत्खननांत सातवाहनकाळाच्या थरांतून शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघाले आहेत. त्या कापल्या जात टर्बिनेला पायरम या पूजेच्या शंखातून, आडवे काप घेऊन. हा शंख रायगडच्या पुळणीवर मिळत नाही. तो येतो सौराष्ट्र आणि तमिळनाडूच्या समुद्रातून. ओळखायची खूण तोंडाच्या आत आहे: मधल्या दांड्यावर तीन-चार ठळक घड्या. टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं तर नेहमीच्या शंखाचं तोंड उजवीकडे येतं. फार दुर्मिळ शंखात ते डावीकडे असतं. पूजेत टोकाऐवजी नळीची निमुळती बाजू वर धरतात, त्यामुळे तेच तोंड उजवीकडे येतं, म्हणून तोच 'दक्षिणावर्ती' म्हणवतो. त्या नावाने बाजारात पुष्कळदा अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक वेगळाच शंख खपवला जातो. त्या जातीत डाव्या तोंडाचे शंखच नेहमीचे. त्याच्या दांड्यावर घड्या नसतात. मोठी रक्कम मोजण्याआधी आत बोट घालून पाहावं.

संध्याकाळपर्यंत वर्तमानपत्रावर दोन ढीग झाले आणि एक कवडी उरली. फिकट, अंगावर लिपीसारखी नक्षी. मॉरिशिया अरेबिका, कातळाच्या कपारीत राहणारी. ती हरिहरेश्वरच्या ढिगात गेली. मग भाची उठून देवघरातली आजीची माळ घेऊन आली, तुळजापूरची. त्यातल्या कवड्या लहान, पिवळसर, कडेला फुगवटे असलेल्या. मोनेटारिया मोनेटा, मालदीव-लक्षद्वीपकडच्या पोवळ्यांच्या उथळ पाण्यातल्या. एकेकाळी याच जातीच्या कवड्या चलन म्हणून हिंडत. ओवण्यासाठी त्यांची पाठ फोडलेली असते. भाचीने एक कवडी खिडकीच्या उजेडात धरली. बाहेरून कवडीला वेटोळं दिसत नाही. वाढ पूर्ण होताना ओठ आत वळतो आणि सगळं झाकून टाकतो. पण फुटक्या पाठीतून आत, तळाशी, एक इवलीशी वळी स्पष्ट दिसत होती, गोगलगाईची असते तशी.