गमावलेल्या हाताचें मोल : मोटार अपघाताच्या दाव्यांतील न्यायाधीश

एका सुताराला रस्त्यांत मोटारीचा धक्का लागला व त्याचा डावा हात कोपरापासून काढावा लागला, अशी कल्पना करावी. मोटार हांकणाऱ्यावर फौजदारी न्यायालयांत खटला चालतो. पण तेथें मुख्य प्रश्न अपराधाचा व शिक्षेचा असतो. अपराध्याला शिक्षा झाली म्हणून सुताराच्या घरची चूल पेटत नाहीं. त्याच्या पुढील निर्वाहाचा प्रश्न निराळ्या ठिकाणीं सुटावयाचा असतो, आणि तें ठिकाण म्हणजे मोटार अपघात दावा प्राधिकरण.

अमेरिकेंत अशा दाव्यांत ज्यूरी बसली असतां चूक कोणाची व भरपाई किती हें ती ठरविते. कायदा काय आहे तें न्यायाधीश तिला समजावून देतो. भारतांत हीं दोन्ही कामें न्यायाधीशाच्याच शिरावर असतात. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत १९५६ सालीं दुरुस्ती होऊन अशा प्राधिकरणांची तरतूद झाली व १९८८ च्या नव्या कायद्यानें ती कायम राखली. महाराष्ट्रांत सामान्यतः जिल्हा न्यायालयांतील न्यायाधीशच हें काम पाहतात.

न्यायाधीशापुढें पहिला प्रश्न येतो तो चुकीचा. पोलिसांचा पंचनामा, जागेचा नकाशा व साक्षीदारांच्या जबान्या यांवरून तो निर्णय करतो. फौजदारी खटल्यांत अपराध निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. येथें मात्र कोणती हकीकत अधिक संभवनीय, एवढें पाहिलें कीं पुरे. त्यामुळें फौजदारी खटल्यांत चालक सुटला, एवढ्यावरून जखमी मनुष्याचा दावा बुडत नाहीं. उलट, जखमी मनुष्याचीहि चूक असेल तर न्यायाधीश तिचा वांटा ठरवितो. ती चौथाई ठरली तर भरपाईहि चौथाईनें कमी होते.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे, तो भरपाईच्या रकमेचा. दाव्यांत डॉक्टरांचा अपंगत्वाचा दाखला हजर होतो. त्यावर ‘६० टक्के’ असें लिहिलेलें असलें, तर तेवढ्यानें काम भागतें असें पुष्कळांस वाटतें. परंतु हे साठ टक्के त्या एका अवयवाचे कीं सर्व देहाचे, हें आधीं विचारलें पाहिजे. शिवाय डॉक्टर सांगतो तें देहाविषयीं. कमाईविषयीं निर्णय न्यायाधीशानेंच करावयाचा असतो. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालांत हा भेद स्पष्ट केला. डावा हात गेलेला मनुष्य सुतार किंवा मोटारचालक असेल, तर त्याचा धंदा जवळजवळ संपूर्ण बुडतो. तोच सरकारी कारकून असेल, तर त्याची नोकरी टिकूं शकते. इजा एकच, पण हानि निरनिराळी.

ही गोष्ट आंकड्यांनीं पाहावी. सुताराचें वय २८ व मासिक प्राप्ति १५,००० रुपये आहे असें धरूं. वर्षाचे १,८०,००० रुपये झाले. सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं सरला वर्मा यांच्या दाव्यांत वयानुसार गुणक ठरवून दिले. २६ ते ३० वर्षांच्या मनुष्यास तो १७ आहे. दाखल्यांतील ६० टक्केच डोळे झांकून धरले, तर भावी प्राप्तीच्या हानीबद्दल १८,३६,००० रुपये होतात. हातावांचून सुतारकीच चालत नाहीं व दुसरें काम त्यास जमण्यासारखें नाहीं असें दिसून आलें, तर तीच रक्कम ३०,६०,००० रुपये होते. पुढें होणारी प्राप्तीची वाढ यांत धरलेली नाहीं. बारा लाखांहून अधिक रुपयांचें हें अंतर न्यायाधीशाच्या एका प्रश्नावर अवलंबून असतें : ‘हा मनुष्य अपघातापूर्वीं काय करीत होता, आणि आतां काय करूं शकतो?’

म्हणूनच त्याच निकालांत न्यायालयानें बजावलें कीं, प्राधिकरणानें दिवाणी दाव्यांतल्याप्रमाणें तटस्थ पंच होऊन बसूं नये. सत्य शोधून काढावें. जरूर तर उपचार करणाऱ्या डॉक्टरास साक्षीस बोलवावें, दाखला यंत्रवत् स्वीकारूं नये. मागितली त्याहून अधिक रक्कम न्याय्य ठरली, तर तीहि देतां येते. मात्र ही सढळ हातानें केलेली दानधर्माची गोष्ट नव्हे. विमा कंपनीलाहि आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे, आणि फुगवलेलीं बिलें व खोटे दाखले ओळखणें हेंहि न्यायाधीशाचें कर्तव्यच आहे.

उपचाराचा खर्च व बुडालेली मजुरी यांखेरीज वेदना आणि जीवनांतील गमावलेला आनंद यांचीहि किंमत करावी लागते. नोकरी टिकलेल्या कारकुनालाहि हात गेल्याची भरपाई या सदराखालीं मिळते. येथें गुणक नाहीं, कोष्टक नाहीं. न्यायाधीशाचा विवेक हाच आधार. निवाड्यानंतरहि त्याचें काम संपत नाहीं. अशिक्षित अर्जदाराची रक्कम कोणी लुबाडूं नये म्हणून तो तिचा मोठा भाग बँकेंत मुदतीच्या ठेवींत ठेववूं शकतो. निवाडा मान्य नसणाऱ्यास उच्च न्यायालयांत अपील करतां येतें.

गेलेला हात कोणतेंहि न्यायालय परत देऊं शकत नाहीं. परंतु ज्याचें पोट हातावर आहे, त्याचा हात गेला म्हणजे नेमकें काय गेलें, हें ओळखणें न्यायाधीशाच्या हातीं असतें. आणि भरपाईचा न्याय तेथूनच सुरू होतो.